गिरणी चालूच राहील

आमच्या घरात काहीही बिघडलं की पहिला आळ गिरणीवर येतो. दिवा मिणमिणला, गिरणी. पाण्याची मोटर अडली, गिरणी. सुनेला शिंका आल्या तर त्याही गिरणीमुळं. शिंकांचं खरं आहे, पीठ उडतंच. बाकीचे आळ खोटे. गिरणीला उलटून बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीनं मी बोलते.

सोलापुरात, गावाच्या कडेला, आमच्या दोन खोल्या आहेत आणि रस्त्याच्या अंगाला गिरणी. ती माझ्या नवऱ्यानं घातली. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाला पट्टा चढवता येतोय होय? मी पट्टा चढवला. दगड उचलून त्यांना टाकी, म्हणजे छिन्नी, मारायलाही शिकले. आज गल्लीतल्या निम्म्या घरांत माझ्या गिरणीतल्या पिठाची भाकरी होते.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता-वाचता येतं. कॉम्प्युटर येत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात सगळा कॉम्प्युटरच आहे, म्हणून आधीच सांगते, मला जेवढं कळलं तेवढंच लिहिलंय.

घरात मुलगा, सून आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगा बाजार समितीत कांद्याच्या एका आडतीवर कारकून आहे. नात कॉम्प्युटरचं शिकली, तेही इथंच, सोलापुरात राहून. यंदा दसऱ्याच्या आधी तिला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. काम घरूनच करायचं. घरून म्हणजे आमच्या मधल्या खोलीतून. एका भिंतीला तिचं टेबल, त्याच भिंतीच्या पलीकडं गिरणी.

खंडेनवमीला आम्ही गिरणी बंद ठेवतो आणि तिची पूजा करतो. पाटावर टाकी, हातोडी, नट आवळायचे पाने, वजनं, सुनेची कात्री असं सगळं मांडतो. यंदा नातीचा लॅपटॉपही पाटावर ठेवला. हे तिचं हत्यार, असं मीच म्हणाले. मुलगा पूजेला बसला, पण त्याचं लक्ष बाजाराकडं. कांद्याच्या गाड्या आल्या होत्या. अक्षतांना तांदूळ आणायला उठायचा त्याला कंटाळा आला. रेशनच्या तांदळातली कणी मी चिमण्यांसाठी वाटीत काढून ठेवते, ती त्यानं ओढली आणि तिलाच हळद लावली.

"अक्षतेला मोडका दाणा चालत न्हाय," मी म्हणाले.

"आये, देव काय चाळण घिऊन बसलाय व्हय?"

असं म्हणून त्यानं एक मूठ गिरणीवर टाकली आणि एक मूठ उघड्या लॅपटॉपवर. नवरा-नवरीवर टाकतात तशी, लांबून, जोरात. पूजा आटोपली. नातीनं लॅपटॉप झटकला, पुसला आणि आत नेला.

दसरा झाला. सून रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीला माहेरी मंगळवेढ्याला गेली. शुक्रवारी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. आमची खोली केवढी, त्यांचं बोलणं सगळ्यांनाच ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, कामाला लागणारी सगळी पॅकेजेस तुमच्या मशीनवर घालून घ्या, सोमवारी सकाळच्या मीटिंगला सगळं चालताना दिसलं पाहिजे. घरून जमत नसेल तर पुण्यात येऊन ऑफिसात बसा.

फोन ठेवला तसा मुलगा म्हणाला, "पुण्याला एकटी जायची न्हाय, आत्ताच सांगतो. जमलं तर हितं बसून कर. न्हाय जमलं तर सोडून दे. अकलूजची मंडळी अजून थांबल्यात."

अकलूजची मंडळी म्हणजे स्थळ. ऊस, बागायत, दारात ट्रॅक्टर. नातीनं त्यांना एकदा नाही म्हणून सांगितलं होतं. ते नाही मुलाच्या कानात शिरलं नव्हतं.

मला चौथीनंतर घरी बसवलं, कारण पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती. शाळा इथं असती तर शिकवली असती, असं माझा बाप आल्यागेल्याला सांगायचा. मला त्याचं रडू तेव्हाही आलं नाही. पण आता नोकरी चालत आमच्या घरात आली होती, भिंतीच्या अलीकडं, आणि तरीही सोडून दे म्हणणारा माणूस घरात हजर होता. मग मी ठरवलं की ही पोरगी सोमवारी सकाळी त्या टेबलाशी बसलेली दिसली पाहिजे. पॅकेज म्हणजे काय, हे मला तोवर माहीतही नव्हतं.

शनिवारी सकाळी तिनं काम सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. एक ओळ आली की थांबायची. आम्ही चहा प्यालो, मी दोन गिऱ्हाइकांची ज्वारी दळून आले, ओळ तिथंच.

"काय बघत बसलीयास?"

"आज्जी, कंपनीच्या कामाला बारक्या बारक्या प्रोग्रामची लई पॅकेजं लागत्यात. एक मागवलं की ते म्हणतं, मला आधी दुसरं पायजे. दुसरं म्हणतं, मला तिसरं पायजे."

"म्हंजी मानपानाची सोयरी. एकीला आवतण दिलं की तिची जाऊ पायजे, नणंद पायजे."

"तसंच. पर समदी कुटंतरी दाराबाहेर खोळंबल्यात. आत येऊन पाटावर बसंनात."

मुलगा बाजारातून जेवायला आला आणि त्यानं पडद्याकडं न बघताच निकाल दिला. "गिरणी करंट खाती. ती बंद करा, आपोआप पळंल."

"गिरणी बंद व्हनार न्हाय," मी म्हणाले. "लोकांचे डबे हायत."

नातीनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तिची काम करायची एक पद्धत आहे, ती मला आवडते. दहा गोष्टींवर एकदम संशय घेत नाही. एक धरायची, तपासायची, सोडून द्यायची, मग पुढची. आधी तिनं घरचं नेट बंद करून मोबाईलचं नेट लावलं. फरक नाही. त्याच नेटवर व्हिडिओ लावून बघितला, तो सुरळीत चालला. मग म्हणाली, पॅकेजं जिथून येतात ते ठिकाण लांब असेल, जवळच्या ठिकाणाहून मागवून बघते. मागवली. तीच गत. व्हायरस अडवणारा एक प्रोग्राम असतो, तो प्रत्येक फाइल उघडून बघतो म्हणे. तो थोडा वेळ बंद ठेवून बघितला. पुन्हा तेच. जागा भरली असेल म्हणून चुलतभावाच्या लग्नाचे सगळे फोटो काढून पेन ड्राइव्हवर घातले. लग्न गेलं, ओळ हलली नाही.

"दृष्ट काढू का?" मी थट्टेनं विचारलं. "मीठ-मोहऱ्या ववाळून टाकते."

"नको गं बाई! त्याच्यात मीठ पडलं तर मग संपलंच."

दुपारनंतर तिला एक गोष्ट दिसली. पॅकेज येतंय झटक्यात. आलं की ते उलगडून, त्यातल्या हजारो बारक्या फाइली जागच्या जागी लावायच्या असतात, तिथं गाडी अडतेय. मला हे लगेच कळलं. टेम्पो दारात आलाय, पोती खाली पडलीत, पण ती फोडून कोठीत भरणारा माणूस सुस्त आहे. तिनं पडद्यावर एक आलेख उघडला आणि मला दाखवला. लॅपटॉपचा आतला वेग पार खाली गेला होता.

नेमकं हे मुलानं ऐकलं. "बघा! वेग पडलाय. मी काय सांगत हुतो? करंटच मिळंना त्येला."

नातीनं लॅपटॉपची पिन काढली आणि तो नुसत्या बॅटरीवर चालवला. वेग तसाच पडलेला.

"आता बॅटरीला कुटं गिरणी जोडलीय?" मी विचारलं.

"बॅटरी तरी कशावर भरली? गिरणीच्याच लाइनवर की!"

अशा माणसाशी काय बोलायचं? शिकलेला आहे, कारकून आहे. माझाच मुलगा आहे, हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी काम झालं नाही. पोरीनं जेवताना मान वर केली नाही. मुलगा मात्र गोड बोलायला लागला होता. अकलूजला घराशेजारी दूध डेअरी आहे, शाळा आहे, पुढंमागं शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागशील, असं काहीबाही. मी म्हणाले, "जेवू दे तिला. सोमवार अजून उगवला न्हाय."

रविवारी सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते. शेजारची बाई डबा घेऊन आली होती, तिची ज्वारी वरून पडत होती, खाली पीठ येत होतं, आणि एकदम सगळं थांबलं. दिवा तर चालू होता. वळून बघते तर मुलगा गिरणीच्या मेन स्विचपाशी उभा.

"काय केलंस रं?"

"तासभर बंद ऱ्हाऊ दे. एकदा खरं-खोटं हुंदे."

"दगडात दाणे अडकल्यात. आता चालू करताना पट्टा जळंल, तुझा बाप येनार हाय का बदलायला?"

"पोरीच्या नोकरीपरास पट्टा मोठा झाला व्हय तुला?"

"नोकरी पायजे हुती कवा तुला? तुला अकलूज पायजे."

शेजारीण मध्ये पडली. "मावशी, माझं पीठ अर्धं झालंय. घरी पावणं बसल्यात. मी काय निम्म्याच भाकरी वाढू?"

"ह्याला विचार," मी म्हणाले. "आजपास्नं गिरणी ह्यो बगतोय."

"दादा, करा की चालू."

"थांबा वो ताई, पोरीच्या भविष्याचा प्रश्न हाय."

"माझ्या पावण्यांचा बी हाय की!" असं म्हणून ती डब्यावरच बसली. पीठ घेतल्याशिवाय हलणारी बाई नाही ती. तिचं माझं म्हणूनच जमतं.

मी आत गेले. नात टेबलाशी बसली होती. तिला म्हणाले, "गिरणी बंद हाय. चालव तुझं. ह्येच्या डोळ्यांदेखत चालव."

तिनं चालवलं. मुलगा तिच्या मागं कमरेवर हात ठेवून उभा. ओळ आली आणि थांबली. आम्ही तिघंही बघत राहिलो. ती हलली नाही.

"झालं समाधान?" मी विचारलं. "जाऊ का आता, सुरू करू माझी गिरणी?"

तो काही बोलणार तेवढ्यात नातीनं हात वर केला. "गप बसा जरा दोघं."

आम्ही गप्प बसलो. तिनं मान वाकडी करून लॅपटॉपला कान लावला, डॉक्टरनं छातीला लावावा तसा. मग खालून तळहात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"आज्जी, ह्याचा पंखा वाजत न्हाय."

लॅपटॉपला पंखा असतो हे मला त्या दिवशी कळलं. वाचणाऱ्याला वाटेल, जन्मभर यंत्रापाशी उभी राहिलेली म्हातारी, हिलाच आधी कळलं असेल. नाही कळलं. नातीलाच कळलं. जड काम निघालं की तो पंखा घुमतो, आतली गरमी बाहेर टाकतो. पंखा बसला की लॅपटॉप तापतो, आणि जळू नये म्हणून आपला आपणच वेग कमी करतो. व्हिडिओ बघणं हलकं काम, त्यात तापत नव्हता, म्हणून तो सुरळीत चालला. एवढे दिवस पंखा गप्प आहे हे तिला ऐकू आलं नाही, कारण भिंतीपलीकडं माझी गिरणी. ती बंद पडली तेव्हा कळलं. एवढं श्रेय मी मुलाला देते. याहून जास्त देणार नाही.

रविवार, दुरुस्तीची दुकानं बंद. नात म्हणाली, मीच उघडते. फोनवर कुणीतरी असाच लॅपटॉप उघडून दाखवलेला व्हिडिओ तिनं काढला.

"अजिबात उघडू नको," मुलगा म्हणाला. "गॅरंटी जाईल. एवढ्या पैशाची वस्तू, एखादा स्क्रू हरवला तर?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. माझं मत विचारत नव्हती. तिला फक्त बापाला कुणीतरी अडवून धरायला हवं होतं.

"उघड," मी म्हणाले. "मी पयल्यांदा गिरणीचा दगड उचलला तवा बी समदे म्हनत हुते, उघडू नको. न उघडता कायच दुरुस्त हुत न्हाय. ना गिरणी, ना ह्ये."

माझ्या चष्म्याची दांडी आवळायचा बारका स्क्रू ड्रायव्हर होता, तो तिला दिला. तिनं लॅपटॉप पालथा घातला. निघेल तो स्क्रू ताटात, निघाला त्याच जागी, म्हणजे परत लावताना चुकायला नको. ताट मी धरलं. मुलगा दारात उभा राहून, हळू, हळू, एवढंच म्हणत होता.

झाकण निघालं. आत पंखा होता, बिस्किटाएवढा. त्याच्या कडेनं पिठाचा थर बसला होता, आणि दोन पात्यांच्या मध्ये काहीतरी पिवळं. नातीनं केसातली पिन काढली, ते उचकटलं आणि तळहातावर घेतलं.

हळद लावलेली तांदळाची कणी. मागच्या बाजूला हवा जायला बारीक चिरा असतात, तिथून आत गेलेली. अख्खा तांदूळ त्या चिरेतून गेलाच नसता.

पोरगी उठली. तळहात तसाच बापापुढं धरला.

"काय हाय त्ये?"

"तुझा देव," मी म्हणाले. "चाळण घिऊन बसला व्हता."

शेजारीण दारात येऊन उभी होती. ती एवढ्या मोठ्यानं हसली की मुलाचा चेहरा उतरला. मग त्यानं पंख्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "आन् ह्ये पीठ? ह्ये कुणाचं? गिरणीचंच ना?"

"माझं हाय," मी म्हणाले. "पीठ माझं, कणी तुझी. पिठानं पंखा जड झाला आसंल, पर अडवला कणीनं. माझ्या वाटचं पीठ मी झाडते. तुझी कणी पोरीनं काढली."

चाळणी साफ करायचा माझा मऊ ब्रश आणून मी तिला दिला. तिनं पातं न् पातं झाडलं. पंख्याला बोटानं फिरवलं, तो फिरला. झाकण लागलं, स्क्रू बसले, एकही उरला नाही. लॅपटॉप चालू केला, पॅकेजं पुन्हा मागवली, आणि थोड्या वेळानं तो घूंऽऽ करून वाजायला लागला. पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. एक वाचावी तर खाली दुसरी. दारात खोळंबलेली सगळी सोयरी एकदम आत घुसली.

मी गिरणीकडं गेले. दगड सैल करून अडकलेले दाणे काढले, पट्टा हातानं फिरवून बघितला, मग स्विच टाकला. पट्टा जळला नाही. शेजारणीला तिचं पीठ दिलं. भिंतीच्या एका बाजूला गिरणी चालू, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप चालू, आणि दोघांनीही एकमेकांचं काही खाल्लं नाही. हे मी मुलाला आत जाऊन सांगून आले.

दुपार कलायच्या आत सगळी पॅकेजं बसली. नातीनं कंपनीचा प्रोग्राम चालवून बघितला. पडद्यावर काय आलं ते मला कळलं नाही, पण तिनं पाय लांब केले आणि म्हणाली, "भूक लागली, आज्जी."

मुलगा सहज हरत नाही. चहा पिता पिता म्हणाला, "उद्याच्या मीटिंगला तरी गिरणी बंद ठेव. पलीकडं आवाज जाईल. गिरणीत बसून काम करती म्हनून हसतील."

खरं सांगते, मी तासभर बंद ठेवणार होते. तसं मनात धरलंही होतं. पण पोरगीच म्हणाली, "नको. उद्या बंद ठेवली तर परवाबी ठेवाया लागंल, मग रोज. त्यांना एकदाच कळू द्या हितं काय वाजतंय ते."

लॅपटॉप तेवढा तिनं गिरणीच्या भिंतीपासून हलवला, खिडकीपाशी नेला, आणि दाराला माझं जुनं लुगडं दुहेरी करून लावलं. पीठ अडलं पाहिजे, आवाज गेला तरी चालेल, म्हणाली.

सोमवारी सकाळी मी गिरणीत होते. दारावरचं लुगडं जरासं सरकवून ठेवलं होतं, म्हणून ती दिसत होती. ऐकू काही येत नव्हतं. कानाला ऐकायचं-बोलायचं यंत्र लावून ती लॅपटॉपच्या पडद्याशी बोलत होती. मध्येच थांबली, ऐकलं, आणि बोटानं भिंतीकडं दाखवलं. तिचे ओठ हलले. मग पुन्हा कामाकडं वळली आणि बराच वेळ बोलत राहिली.

मीटिंग संपली तशी ती बाहेर आली.

"काय म्हनली मॅडम?"

"कसला आवाज येतोय म्हनल्या. मी सांगितलं, गिरणी हाय आमची. म्हनल्या, बरं, दाखवा काय केलंय. दाखवलं. समदं चाललं. उद्यापास्नं काम देनार हायत. हितनंच करायचं."

"पुण्याला?"

"जायचं न्हाय. मला जावं वाटंल तवा जाईन."

हे शेवटचं ती मला म्हणाली, पण मोठ्यानं म्हणाली. बापाला सांगायची तयारी चालली होती. जायचं तेव्हा जाईल, तिचं ती बघेल.

बाराच्या सुमाराला मुलाचा बाजारातून फोन आला. मागं कांद्याच्या लिलावाचा आरडाओरडा, इकडं माझी गिरणी. दोघंही ओरडूनच बोललो.

"जमलं का तिचं?"

"जमलं!"

त्यानं तिकडं कुणाला तरी वजन ओरडून सांगितलं. मग म्हणाला, "अकलूजवाल्यांचा फोन आलाय. संध्याकाळी येतो म्हनतात. काय सांगू?"

"सांग, पोरगी कामावर हाय."

"आन् काम संपल्यावर?"

"त्ये तिला विचार. मला दळण हाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.